जमीन पाहून बेणे, माणूस पाहून डोंगर



पाऊस उघडीप देऊ लागतो, आडसालीची खुरपणी आणि खताचा दुसरा हप्ता उरकलेला असतो, आणि कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाला अजून थोडे दिवस असतात. या मधल्या दिवसांत आमच्या गट ऑफिसात ऊसनोंदीबरोबर आणखी एक चौकशी सुरू होते : "साहेब, यंदा कुठला डोंगर?" विचारणारे सगळ्या वयाचे असतात. कॉलेजातून सुट्टीला आलेली पोरे असतात, गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबा असतात आणि अलीकडे महिला सभासदही "आम्हाला कळसूबाईला जायचंय" म्हणून नावे देतात. सगळ्यांना उत्तर मात्र एकच हवे असते, आणि गोम तिथेच आहे.

डोंगराची ओढ आपल्या भागाला असावी यात नवल नाही. आपल्या चारीला येणारे पाणी डोंगरातूनच येते. अकोले तालुक्यात रतनगडाच्या अंगावर प्रवरा उगम पावते, भंडारदऱ्याला १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणात अडते, पुढे संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यात शिरते आणि पाटाने, चारीने आपल्या सरीपर्यंत पोचते. घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो म्हणून आपल्या पाचशे मिलिमीटरच्या मुलखात ऊस उभा राहतो. तेव्हा ज्याचे पाणी खाल्ले तो डोंगर एकदा पाहून यावा असे कोणाला वाटले, तर ते योग्यच आहे.

पण "कुठला डोंगर" हा पहिला प्रश्न नव्हे. कोणी बेणे मागायला आले की आम्ही काय विचारतो? जमीन कशी आहे, पाणी किती, लागण कोणत्या हंगामात करणार, खोडवा किती ठेवणार? शेजाऱ्याचा को ८६०३२ चांगला आला म्हणून आपल्या चोपण जमिनीत तेच बेणे दडपून दिले आणि मग टनेज पडले, तर दोष बेण्याचा नसतो. डोंगराचेही असेच आहे. फरक एवढाच, की बेणे चुकले तर एक हंगाम जातो. डोंगर चुकला तर माणूस जाऊ शकतो.

आमची चूक

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, चुकून शिकलो. ती चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातील सव्वीस जणांनी वर्गणी काढून हरिश्चंद्रगडाला जायचे ठरवले. पुढाकार आमचा. तरुण मंडळींचे म्हणणे, पाचनईची वाट म्हणजे काय वाट आहे? जायचे तर खिरेश्वरहून, टोलार खिंडीतून, चांगले चार-पाच तास चढत. आम्हालाही ते गोड लागले. चाळिशीला आलेल्या माणसाला आपण अजून पोरांच्या बरोबरीचे आहोत असे कोणी म्हटले, की त्याचे डोके थोडे हवेत जातेच.

मंडळींत एक आप्पा होते. वय बासष्ट. खोडव्यालासुद्धा लागणीइतकी मशागत करणारे, शब्दाचे पक्के. त्यांना मधुमेह होता आणि रोज सकाळी गोळी होती. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. त्यात त्या दिवशी एकादशी. पोटात बिनसाखरेचा चहा आणि गोळी, बाकी काही नाही. गाडी रस्त्यात अडकल्याने चढायला सुरुवात झाली साडेनऊला. ऑक्टोबरचे ऊन.

खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळाचा टप्पा आहे. तो कसाबसा चढून आप्पा बसले ते बसलेच. हात थरथरत होते, अंगाला थंड घाम. आम्ही म्हटले, दमले असतील. पाणी पाजले, वारा घातला. एवढ्यात आप्पा विचारू लागले, "पाळी कोणाची आहे आज? दार कोणी मोडलं?" माणूस डोंगरावर बसून चारीच्या पाण्याची पाळी विचारतो आहे, हे ऐकून आमच्या पोटात खड्डा पडला.

गडावरून खाली उतरणारे एक गावकरी थांबले. त्यांनी आप्पांचा चेहरा पाहिला, हात धरून पाहिला आणि विचारले, "उपाशी हायेत का? काई गोड हाय का तुमच्याकं?" आम्ही पिशव्या उघडल्या. चिवडा होता, शेव होती, भाकऱ्या होत्या, ठेचा होता. साखर कारखान्याची सव्वीस माणसे, आणि एकाच्याही खिशात साखरेचा दाणा नाही! अखेर त्या गावकऱ्यानेच आपल्या फडक्याच्या गाठीतला गुळाचा खडा काढून दिला. आप्पांना अजून गिळता येत होते हे नशीब. पंधरा-वीस मिनिटांत माणूस जागेवर आला.

पुढचे तेवढेच वाईट. तरुण टोळी केव्हाच पुढे निघून गेली होती, तिला मागचा पत्ता नाही. फोनला रेंज नाही. उतरताना आप्पांना दोन्ही बाजूंनी धरून आणावे लागले. अंधार पडला तेव्हा आम्ही अजून रानात होतो आणि दहा-बारा जणांत बॅटऱ्या तीन. रात्री आठला खिरेश्वर लागले. गाडीत आप्पा हळूच म्हणाले, "साहेब, डोंगर वाईट नव्हता हो. तुम्ही मला इचारलं नाही, मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्या दिवसापासून "कुठला डोंगर" विचारणाऱ्याला आम्ही आधी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : जायचे कशासाठी?

कोणाला देवदर्शन हवे असते, कोणाला इतिहास पाहायचा असतो, कोणाला आपली ताकद अजमावायची असते, तर कोणाला नुसते चार दिवस गाव सोडायचे असते. यातला कोणताच हेतू कमी नाही. पण प्रत्येकाचा डोंगर वेगळा आहे.

शिवरायांचे जन्मस्थान नातवंडांना दाखवायचे असेल तर शिवनेरी. जुन्नरपर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्यांची वाट आहे आणि सात दरवाजे ओलांडत सावकाश जाता येते. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत हा आहे. पाण्याचा उगम पाहायचा असेल तर रतनवाडीला जा. अमृतेश्वराचे हेमाडपंती मंदिर पाहा, प्रवरेच्या पाण्यात पाय बुडवा आणि परत या. गडावर चढलेच पाहिजे असा कायदा नाही. देवीचे दर्शन आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच माथा दोन्ही हवे असेल तर कळसूबाई, उंची १६४६ मीटर.

एका गाडीत तीन हेतूंची माणसे बसली तर तीन गट करावेत. रतनवाडीला हे चांगले साधते. दमदार मंडळी वर गडावर जातात, बाकीची मंदिराशी आणि पाण्याकाठी रमतात. संध्याकाळी सगळे एका पंगतीला बसतात आणि कोणालाच कोणाच्या पायाने चालावे लागत नाही.

दुसरा प्रश्न : ताकद किती?

इथे आपले शेतकरी बंधू फसतात. "आम्हाला काय सराव पाहिजे, साहेब? जन्म गेला रानात." हे आपल्या वडिलांच्या बाबतीत खरे होते. आज बांधापर्यंत मोटारसायकल जाते, नांगरट ट्रॅक्टर करतो आणि पाणी ठिबकने जाते. शिवाय आपले रान सपाट. सपाटीवर दिवसभर राबणारा माणूस चढावर पहिल्या तासात धापा टाकू शकतो, आणि उताराला गुडघे बोलतात ते निराळेच.

वेळेचा अंदाज घेण्याचा एक जुना हिशेब आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ साली मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. कळसूबाईला बारी गावातून साधारण सहा किलोमीटर चाल आणि आठशे मीटरच्या वर चढ आहे. म्हणजे हिशेबाने अडीच तासांच्या थोडे वर होतात. पण हा हिशेब सराव असलेल्याचा, न थांबता चालणाऱ्याचा. नवख्याने दीडपट धरावा, म्हणजे चार तास. उतरायला तीन, वर तासभर विसावा. आठ तास झाले! सकाळी सहाला पाय उचलला तरच दोनच्या सुमारास खाली. ज्याला आठ तास पायांवर राहणे जमणार नाही, त्याने कळसूबाई यंदा ठेवावी, पुढल्या वर्षी धरावी.

आपली ताकद घरच्या घरी मोजता येते. महिना-दीड महिना आधीपासून पाटाच्या भरावरून रोज तासभर झपाझप चालावे. न थांबता, शेजारच्याशी बोलता येईल अशा दमाने पाच-सहा किलोमीटर झाले, की मग पाठीवर पाच किलोचे ओझे घेऊन चालावे. गावातल्या मंदिराच्या किंवा शाळेच्या पायऱ्या दहा-दहा वेळा चढाव्या-उतराव्या. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर तो काय म्हणतो ते ऐकावे. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. गोळ्या चालू असतील तर चढाच्या दिवशी खाणे आणि गोळी यांचा मेळ कसा घालायचा हे डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने गोळी बंद करू नये. चढाच्या दिवशी उपवास असेल तर डोंगर दुसऱ्या दिवशी ठेवावा. देव रागावत नाही.

आणि टोळीची ताकद म्हणजे तिच्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याची ताकद. सरासरी काढू नये. सव्वीसांतले पंचवीस दमदार असले, तरी डोंगर सव्विसाव्याला पाहून निवडायचा.

तिसरा प्रश्न : वाट कोणती, ऋतू कोणता?

डोंगराचे नाव सांगून भागत नाही. हरिश्चंद्रगड एकच, पण पाचनईकडून दोन-तीन तासांत सरळ वाटेने मंदिरापाशी पोचता येते. खिरेश्वर-टोलार खिंडीने चार-पाच तास लागतात आणि कातळाचा टप्पा आहे. कोकणातल्या बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने गेलात तर पुरा दिवस दगडधोंड्यांतून, घसाऱ्यातून आणि कातळावरून चढावे लागते. ते जाणत्यांचेच काम. तिन्ही वाटांनी गेलेला माणूस गावात येऊन एकच वाक्य सांगतो, "हरिश्चंद्रगड केला." तेव्हा ऐकणाऱ्याने विचारावे, "कुठून?"

आपल्या जवळच्या डोंगरांची आम्ही मनाशी अशी चढण लावली आहे. पहिली पायरी शिवनेरी आणि रतनवाडी. दुसरी, पाचनईकडून हरिश्चंद्रगड. तिसरी कळसूबाई. तिथे अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, पण दम लागतो. चौथी रतनगड. तिथेही शिड्या आहेत आणि वर खडकाला आरपार पडलेले नेढे पाहण्यासारखे आहे. पाचवी टोलार खिंड. यापुढे अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले आहेत. तिथे दोर लागतो, दोर लावणारी शिकलेली माणसे लागतात. पोरांना हौस असेल तर जरूर जावे, पण अनुभवी आणि नोंदणी असलेल्या संस्थेबरोबर. साहसी पर्यटनाचे धोरण राज्य शासनाने २०२१ साली जाहीर केले आहे. नेणाऱ्याची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? आपण औषधाच्या दुकानात परवाना पाहतोच ना!

एक पायरी नीट जमली की दुसरी. खालच्या पायरीवर दोनदा गेले तरी कमीपणा नाही.

ऋतूचे सांगायचे तर भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, घाटमाथा सुंदर दिसतो पण कातळ शेवाळलेला असतो, ओढे तासाभरात चढतात आणि धुक्यात वाट हरवते. साम्रदच्या सांदण दरीत तर पावसाळ्यात उतरूच नये, वरचे पाणी अरुंद घळीत एकदम येते. सुट्टीच्या दिवशी रतनगडाच्या शिड्यांवर दाटी होते, तेव्हा जमल्यास मधल्या वारी जावे. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सुरुवातीला सोनकीच्या फुलांनी पठारे पिवळी होतात, पुढे थंडीत चालायला बरे. एप्रिल-मेमध्ये ऊन मारते आणि वरची पाण्याची टाकी आटतात.

आणखी एक. आपले पुष्कळ सभासद गळीत संपले की केदारनाथला निघतात. गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरांहून जास्त चाल आणि सुमारे सोळाशे मीटर चढ, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई. शिवाय केदारनाथ ३५८३ मीटरवर. अडीच हजार मीटरच्या पुढे हवा विरळ लागते. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. अशा वेळी वर न जाता खाली यावे. तिकीट काढण्याआधी एकदा कळसूबाई करून पाहावी. विरळ हवेची परीक्षा तिथे होत नाही, पण पायांची आणि दमाची होते. इथे दमला, तर तिकडे घोडा किंवा डोली आधीच ठरवावी.

बरोबर काय असावे

प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गुळाचा खडा आणि मीठ-साखरेची पुडी. स्वतःची बॅटरी, शिट्टी आणि रोजच्या गोळ्या. पायात पकड असलेले बूट, चप्पल नको. अत्तर लावू नये, कड्याखाली धूर करू नये, आग्या मोहोळ उठले तर पळता भुई थोडी होते. गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याला त्याची मजुरी हसत द्यावी. आमच्या आप्पांना ज्याने वाचवले तो गावकरीच होता. हा सारा टापू १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तेव्हा प्रवेशाची पावती घ्यावी आणि आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा. आपण आणि प्लॅस्टिक वर टाकले तर ते ओढ्याने आपल्याच धरणात येते. अडचण आली तर ११२ किंवा १०८ वर फोन करावा. पण रेंज सगळीकडे नाही हे लक्षात ठेवून, कुठे जातो आणि किती वाजता परतणार ते घरी सांगून निघावे.

सर्वांत पुढे वाटाड्या, सर्वांत मागे एक धीराचा माणूस, आणि मधल्या कोणीही मागचा दिसेनासा होऊ देऊ नये. परत फिरण्याची वेळ निघतानाच ठरवावी. दुपारी एक म्हणजे एक. माथा शंभर पावलांवर असला तरी एकला फिरायचे. पाऊस लांबला तर आपण लागण पुढे ढकलतोच की. त्यात कोणी भित्रा म्हणत नाही.

आप्पांचे पुढे काय झाले?

त्या प्रकारानंतर आप्पांच्या घरच्यांनी आम्हाला बरेच ऐकवले, आणि ते रास्त होते. पण आप्पांनी स्वतःच डॉक्टरांना विचारले, गोळी-जेवणाचा मेळ बसवून घेतला आणि पाटाच्या भरावरून चालायला लागले. सहा महिने एक दिवस चुकवला नाही. पुढल्या थंडीत आम्ही नऊच जण पाचनईकडून त्याच गडावर गेलो. पोटभर न्याहारी करून निघालो. आप्पा सर्वांत पुढे, वाटाड्याच्या मागे, आणि त्यांच्या चालीने आम्ही सगळे. तीन तासांनी हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचलो. केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेइतके गार पाणी आहे. आप्पांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आम्हाला वाटले, प्रसाद. बघतो तर गुळाचे नऊ खडे, माणशी एक.

यंदाच्या नावनोंदणीचा कागद आम्ही बदलला आहे. नाव, गाव आणि सभासद क्रमांकाच्या खाली आता चार रकाने आहेत : वय, आजार व चालू औषध, रोजची चाल किती, आणि जायचे कशासाठी. ते खरे भरावेत. डोंगराचे नाव त्या कागदावर नाही. ते कागद वाचून झाल्यावर आपण सारे बसून ठरवू. नावे दसऱ्याच्या आधी आपापल्या गट ऑफिसात द्यावीत.

आपला,
ऊस विकास अधिकारी